लेखकाची उसंत: कोसळण्याआधी विश्रांती कामात कशी बसवावी

एका लेखमालेचा सातवा भाग मी पाठवला आणि दुसऱ्या दिवशी संपादकांचा निरोप आला, "ताई, हा दाखला तिसऱ्या भागातही येऊन गेला आहे ना?" येऊन गेला होता. दाखला तोच, मांडायची ढब तीच, त्याच्या आधीचं वाक्यसुद्धा जवळजवळ तेच. पाठवण्याआधी मी तो भाग तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा मला तो नवा वाटला होता. त्या काळात मी रोज दहा-अकरा तास टेबलाशी असायचे. मुदती पाळत होते, कुणाची तक्रार नव्हती. आपण दमलो आहोत असं एकदाही मनात आलं नव्हतं.

त्यानंतर कामाची घडी नव्याने बसवायला मला बराच काळ लागला. त्यातून जे हाती आलं आणि थकवा, झोप, एकाग्रता यांवर संशोधकांनी जे शोधून ठेवलं आहे, ते जोडून हा लेख लिहिते आहे. लिहिण्यावर ज्यांचं पोट आहे त्यांच्यासाठी आणि नोकरी-घर सांभाळून जे रोज लिहितात त्यांच्यासाठीही. माझं म्हणणं एवढंच आहे: लेखकाला नुसती कामापासून सुट्टी पुरत नाही, शब्दांपासून सुट्टी लागते. आणि 'काम संपलं की घेईन' असं म्हटलं तर ती कधीच मिळत नाही. आखणी करतानाच तिला जागा ठेवावी लागते.

आधी हे नेमकं काय आहे ते

'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने रूढ झाला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञामुळे. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात मन लावून राबणारे सहकारी हळूहळू आतून रिते होत जाताना त्यांनी पाहिले आणि १९७४ साली त्यावर लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तो मोजण्याची पद्धत तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे येणारी, कामाशीच निगडित असलेली स्थिती असं त्याचं वर्णन आहे. तिची लक्षणं तीन: शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि काम पूर्वीसारखं न उतरणं.

लिहिणाऱ्यांच्या बाबतीत यातलं दुसरं लक्षण सगळ्यांत फसवं असतं. शक्ती संपली तर माणूस आडवा होतो आणि ते दिसतं. दुरावा मात्र आला तरी लिहिणं चालूच राहतं. आपण पाट्या टाकू लागतो. शब्दसंख्या भरते, मजकूर वेळेवर जातो, पण त्यात आपण नसतो.

पहिली पायरी: थकवा स्वतःच्या मजकुरात वाचा

अंगाच्या थकव्यापेक्षा मजकुरातला थकवा आधी दिसतो, म्हणून तपासणी तिथून सुरू करा. गेल्या महिन्याभरातले तीन-चार मजकूर काढा आणि सहा महिन्यांपूर्वीच्या मजकुरांशेजारी ठेवून वाचा. परिच्छेदांची सुरुवात एकाच साच्यातून होते आहे का? नेमकं नाम सुचलं नाही म्हणून विशेषणं वाढली आहेत का? प्रत्यक्ष पाहिलेलं, ऐकलेलं काही आत आलं आहे, की सगळं सर्वसाधारण विधानांवर निभावून नेलं आहे? शेवट घाईघाईने गुंडाळला आहे का?

आणखी दोन खुणा मजकुराबाहेरच्या आहेत. एक म्हणजे आवडीचं वाचन तुटणं. एकच पान चार वेळा वाचूनही काही आत जात नसेल, आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक हातात घ्यायचाही कंटाळा येत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. दुसरी म्हणजे नवी कल्पना सुचली की आनंद होण्याऐवजी धास्ती वाटणं, 'आता हेही लिहावं लागणार' असं मनात येणं. माझ्या बाबतीत ही खूण सगळ्यांत आधी आली होती आणि मी तिला आळस समजून स्वतःला आणखी जुंपलं.

यासोबत दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवा. रोज रात्री चार ओळी: किती वेळ लिहिलं, त्यातलं कोरं लेखन, म्हणजे अगदी नव्याने लिहिलेलं, किती आणि दुरुस्त्या-पत्रव्यवहार किती, आदल्या रात्री किती झोपलो, आणि दिवस संपताना लिहिण्याविषयी काय वाटत होतं. शेवटच्या ओळीसाठी एक शब्द पुरे. दोन आठवड्यांत चित्र बरंच स्पष्ट होतं. बहुतेकांना पहिला धक्का बसतो तो दहा तासांच्या बैठकीत कोरं लेखन किती थोडं झालं हे पाहून.

दुसरी पायरी: आपली खरी कुवत ओळखा

अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या एका संगीत संस्थेतल्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. तो १९९३ साली प्रसिद्ध झाला आणि 'भरपूर सराव करा' एवढ्याच धड्यासाठी सगळीकडे सांगितला जातो. त्यातला दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. सर्वांत चांगले वादक एकट्याने करायचा अवघड सराव दिवसाला सरासरी साडेतीन तासांच्या आसपास करत होते, तोही तास-दीड तासाच्या बैठकांमध्ये तोडून. तुलनेने कमी तयारीच्या वादकांपेक्षा ते झोपतही जास्त होते आणि दुपारी डुलकीही काढत होते.

वादन आणि लेखन एक नव्हे. पण पूर्ण लक्ष लावून करायच्या कामाला दिवसात मर्यादा असते, हे दोन्हीकडे लागू आहे. माझ्या अनुभवात कोऱ्या लेखनासाठी तीन तास, फार तर चार. त्यापुढे हात चालतो, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं खोडावं लागतं.

म्हणून कामं वजनानुसार वेगळी करा. कोरं लेखन सगळ्यांत जड. त्याखालोखाल फेरलेखन, कारण तिथे आधीचं मोडून नवं जुळवायचं असतं. मग मुद्रितं तपासणं, संदर्भ शोधणं. पत्रव्यवहार आणि बिलं सगळ्यांत हलकी, तरी तीही काम आहेत. दिवसाच्या ज्या वेळी डोकं लख्ख असतं ती वेळ कोऱ्या लेखनाला द्या आणि बाकीची उतरत्या क्रमाने लावा. आठवड्याची आखणी करताना 'माझ्याकडे पन्नास तास आहेत' असा हिशोब मांडू नका. 'माझ्याकडे कोऱ्या लेखनाचे पंधरा तास आहेत' असा मांडा. हा एक आकडा खरा धरला तर पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

नोकरी करून लिहिणाऱ्यांनी इथे स्वतःशी जास्त प्रामाणिक राहायला हवं. दिवसभर कार्यालयात अहवाल, ईमेल आणि टिपणं लिहून झाल्यावर संध्याकाळी शब्दांची बहुतेक कुवत खर्च झालेली असते. अशांना रोज दीड तास ओढूनताणून बसण्यापेक्षा आठवड्यातल्या तीन सकाळी चाळीस-चाळीस मिनिटं जास्त काही देऊन जातात. उरलेल्या दिवशी लिहिलं नाही याचा अपराध मानू नका. ते दिवस मोकळे आहेत असं आधीच ठरवून टाका.

तिसरी पायरी: बैठकीच्या आतली उसंत

फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पोमोदोरो पद्धत अनेकांना ठाऊक असते. पत्रव्यवहार, तपासणी, नको वाटणारी कामं यांना ती उत्तम लागू पडते. कोऱ्या लेखनाला मात्र पंचवीस मिनिटं मला अपुरी वाटतात. सूर लागायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. पन्नास ते नव्वद मिनिटांची बैठक आणि मग पंधरा-वीस मिनिटांची खरी उसंत, असं करून पाहा. घड्याळापेक्षाही एक खूण भरवशाची आहे: एकच वाक्य तिसऱ्यांदा फिरवून पुन्हा होतं तसंच ठेवलं की उठायचं.

उसंतीत काय करायचं, हाच खरा कळीचा प्रश्न आहे. लेखक उठतो आणि फोन उचलतो. बातम्या, संदेश, कुणाची तरी पोस्ट, तिच्यावरचे वादविवाद. हे सगळं वाचन आहे. वाक्यं जुळवणारं, शब्द तोलणारं, मनात उत्तर रचणारं यंत्र तेच, आणि ते पुन्हा चालूच. सुताराने करवत खाली ठेवून विश्रांती म्हणून रंधा मारावा तसं हे होतं. उसंतीत शब्द नकोत, हा माझा सगळ्यांत पक्का नियम आहे. भांडी घासा, झाडांना पाणी घाला, कपड्यांच्या घड्या घाला, खिडकीबाहेर बघत बसा. ऐकायचंच असेल तर वाद्यसंगीत ऐका. पॉडकास्ट नको, तेही शब्दच.

चालणं यात सगळ्यांत वरचं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनिएल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना चालताना बसल्यापेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या. ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालतानाही सुचल्या आणि परत येऊन बसल्यावर थोडा वेळ तो परिणाम टिकला. मात्र एकच अचूक उत्तर शोधायच्या कोड्यांना चालण्याने मदत झाली नाही. त्यामुळे लेखाची सुरुवात सुचत नसेल तर चालायला जा. एखादा किचकट परिच्छेद नेमका करायचा असेल तर बसूनच करा.

डोळ्यांचं थोडक्यात: दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद बघा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, म्हणून मुद्दाम पापण्या मिटा. मनगट, मान किंवा खांदा दुखत असताना 'एवढा परिच्छेद संपवते' म्हणून बसून राहू नका. हे दुखणं चिघळलं तर आठवड्यांची सुट्टी सक्तीने घ्यावी लागते.

चौथी पायरी: दिवस बंद करायला शिका

लेखकाचं काम टेबलावरून उठलं तरी थांबत नाही. स्वयंपाक करताना, मुलांशी बोलताना, दात घासताना मागे अर्धं वाक्य फिरत असतं. झाबीने झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ कामानंतरच्या विश्रांतीवर अनेक वर्षं संशोधन करत आहेत. कामापासून मनाने दूर होणं ही त्यांच्या मांडणीतली पहिली गोष्ट आहे. शरीर घरी आणि मन मजकुरात असेल तर त्या तासांनी शीण उतरत नाही.

मन मजकुरात का अडकतं याचं एक कारण अर्धवट राहिलेलं काम. ते मनात टोचत राहतं. उपाय म्हणून सगळे सांगतात की काम पूर्ण करूनच उठा, पण मोठं लेखन एका दिवसात कुठून पूर्ण होणार? २०११ साली ई. जे. मासिकाम्पो आणि रॉय बॉमायस्टर यांनी दाखवलं की काम पूर्ण झालेलं नसलं तरी ते कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरवला की त्याचं टोचणं कमी होतं. मनाला काम संपायलाच हवं असं नाही, ते कुठेतरी नोंदलं गेलं आहे एवढी खात्री त्याला पुरते.

मी दिवस असा बंद करते. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी लिहिणं थांबवते, शक्यतो पुढचं वाक्य माहीत असताना. ते वाक्य लिहीत नाही. त्याऐवजी कागदावर तीन गोष्टी लिहिते: कुठे थांबले, उद्या पहिलं वाक्य कशाविषयीचं, आणि कुठला प्रश्न अडलेला आहे. मग उद्याची बैठक किती वाजता ते लिहिते. संगणकावरच्या खिडक्या बंद, संगणक बंद, कागद टेबलावर पालथा. पहिले आठ-दहा दिवस यात काही राम वाटत नाही. नंतर कागद पालथा घातला की खांदे आपोआप सैल होतात.

संध्याकाळी एखादी कल्पना आलीच तर? ती अडवू नका, पण तिच्या मागेही लागू नका. खिशातल्या वहीत सात-आठ शब्द टिपा आणि वही बंद करा. फोनमध्ये टिपू नका, कारण फोन उघडला की आणखी चार गोष्टी वाट पाहत असतात.

रात्री अंथरुणावर यादी डोक्यात घोळत असेल तर तीही कागदावर उतरवा. बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर झालेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं ज्यांनी पुढे करायच्या कामांची यादी लिहिली ते, ज्यांनी झालेली कामं लिहिली त्यांच्यापेक्षा साधारण नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी तपशीलवार, तितकी झोप लवकर.

पाचवी पायरी: झोपेवर उसनवारी नको

मुदत जवळ आली की पहिला घास झोपेचा जातो. हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा प्रयोग मला प्रत्येक लेखकाला सांगावासा वाटतो. सलग चौदा रात्री सहा-सहा तासच झोपलेल्या लोकांची लक्ष टिकवण्याची क्षमता हळूहळू घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या पातळीला आली. आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवलंच नाही. थोडी झोप येते आहे, पण आपलं ठीक चाललं आहे, असंच त्यांना वाटत होतं.

हे वाचलं तेव्हा मला माझा तो सातवा भाग आठवला. तीनदा वाचूनही पुनरावृत्ती दिसली नाही, कारण जी नजर ती शोधणार होती तीच थकलेली होती. थकलेल्या माणसाचा स्वतःच्या थकव्याविषयीचा अंदाज धरून चालता येत नाही. म्हणून झोप हा 'कसं वाटतंय' यावर सोडायचा विषय नाही, तो आकड्याने पाळायचा विषय आहे.

प्रौढांसाठी रात्री किमान सात तास झोपेची शिफारस केली जाते. उठायची वेळ ठरवा, त्यातून आठ तास मागे मोजा आणि त्या वेळी दिवा बंद करा. कॉफी-चहाचं उत्तेजक शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहूनही जास्त. एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेनेही झोप तासाभराहून अधिक घटली होती. संध्याकाळच्या बैठकीसाठी घेतलेला तो कप दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या बैठकीतून वसूल होतो.

सहावी पायरी: आठवड्यातला एक दिवस शब्दांविना

पूर्ण एक दिवस. लेखन नाही, दुरुस्त्या नाहीत, कामाचे ईमेल नाहीत, कामासाठीचं वाचन नाही. 'फक्त एक नजर टाकते' हेही नाही. मजकुरावर नजर टाकली की तो पुढचे चार तास डोक्यात मुक्काम ठोकतो.

या दिवशी काय करायचं ते आदल्या दिवशी ठरवून ठेवा, नाहीतर रिकामा वेळ फोन खाऊन टाकतो. झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली विश्रांतीचे चार पदर मांडले: कामापासून मनाने दूर होणं, शांत सैल होणं, काहीतरी नवं शिकत त्यात रमणं, आणि आपला वेळ आपल्या हातात आहे असं वाटणं. तिसरा पदर लेखक विसरतात. विश्रांती म्हणजे लोळत पडणं एवढंच त्यांना सुचतं आणि लोळूनही बरं वाटत नाही म्हणून ते पुन्हा टेबलाशी जातात. हाताने करायचं, ज्यात आपण नवशिके आहोत आणि ज्यातून कुठलाही मजकूर तयार होणार नाही असं काहीतरी हवं. पोहणं, मातीकाम, तबला, शिवण, सायकलची दुरुस्ती. शेवटची अट महत्त्वाची आहे. 'यावर एक छान लेख होईल' असं मनात आलं की तो छंद कामात जमा होतो. निदान एक गोष्ट तरी अशी राखा जिच्यावर कधीही लिहायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं आहे. ती कोणती हे इथेही लिहीत नाही.

पूर्ण दिवस काढणं खरोखर अशक्य असेल, घरात लहान मूल असेल, कुणाची शुश्रूषा चालू असेल, तर दोन अर्धे दिवस घ्या. तेही नाही जमलं तर घरच्यांशी बोलून तीन तास बांधून घ्या आणि त्या तीन तासांत घराबाहेर पडा.

सातवी पायरी: मजकूर मुरण्याची वेळ तारखांमध्ये धरा

विश्रांतीची सगळ्यांत मोठी मिळकत इथे आहे. गणितज्ञ आंरी प्वांकारे एका प्रश्नावर पंधरा दिवस अडून बसले होते. नंतर एका भूशास्त्रीय सहलीवर असताना कूतांस या गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्याच क्षणी त्या कामातली एक महत्त्वाची कल्पना लख्ख सुचली. सहलीच्या धावपळीत गणित ते विसरूनही गेले होते. १९०८ साली त्यांनी हा अनुभव स्वतः सांगितला. पुढे १९२६ साली ग्रॅहम वॉलस यांनी सर्जनाचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उमगणं आणि पडताळणं. दुसरा टप्पा वगळला तर तिसरा येत नाही. मात्र पहिला वगळूनही येत नाही. प्वांकारे आधी पंधरा दिवस झगडले होते, हे विसरून चालणार नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा: लेख २० तारखेला द्यायचा असेल तर पहिला खर्डा १४ तारखेला संपवा. १५ ते १७ तो उघडायचाच नाही. १८ ला फेरलेखन, १९ ला शेवटचं वाचन आणि अडीअडचणीची सोय. मधले तीन दिवस दुसऱ्या कामाला द्या, वेळ वाया जात नाही. तीन दिवसांनी खर्डा उघडला की तो दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखा दिसतो आणि जे खोडायला हवं ते निमूटपणे खोडता येतं. पुस्तकासाठी ही मुदत आठवड्यांची ठेवा. अगदी घाईच्या मजकुरालाही मध्ये एक रात्र द्या.

आठवी पायरी: नकार, मुदत आणि पैसा

वरचं सगळं ज्या एका गोष्टीवर कोसळतं ती म्हणजे 'हो, देते'. काम आलं की लगेच उत्तर देऊ नका. 'उद्या दुपारपर्यंत कळवते' म्हणा आणि आठवड्याच्या पंधरा तासांत ते बसतं का ते बघा. बसत नसेल तर असं लिहिता येईल:

"नमस्कार. विषय आवडला. हाती घेतलेली कामं या महिनाअखेरपर्यंत चालतील. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात करून १८ तारखेला लेख देऊ शकेन. ही तारीख सोयीची नसेल तर या वेळी जमणार नाही, कृपया गैरसमज नसावा."

कारणांची लांबण लावू नका. आजारपण, पाहुणे, घरची कामं यांची यादी दिली की प्रत्येक कारणावर वाटाघाट सुरू होते. मुदत वाढवून हवी असेल तर शेवटच्या दिवशी मागू नका. पाच दिवस आधी मागा आणि सोबत नवी पक्की तारीख द्या. बहुतेक संपादक उशिरापेक्षा अंधारात ठेवल्याने वैतागतात.

आता पैसा. 'विश्रांती मला परवडत नाही' हे वाक्य मी खूपदा म्हटलं आहे आणि ते बऱ्याच वेळा खरंही असतं. पण परवडत नाही याचं एक कारण आपण मानधन चुकीच्या भागाकारावर ठरवतो हेही असतं. वर्षाचे ३६५ दिवस. आठवड्याला दोन दिवस सुट्टीचे, म्हणजे १०४ गेले, उरले २६१. वर्षात वीस दिवस मोठी सुट्टी आणि अकरा दिवस आजारपणासाठी धरले तर उरले २३०. त्यातला पाचवा हिस्सा पत्रव्यवहार, बिलं आणि नवी कामं मिळवण्यात जातो, म्हणजे ४६. प्रत्यक्ष लेखनाला उरतात १८४ दिवस, वर्षाचे जवळपास निम्मे. वर्षाला जेवढी मिळकत लागते तिला १८४ ने भागा. तो तुमच्या एका लेखनदिवसाचा खरा दर. लेखाला किती दिवस लागतात त्याने गुणा आणि मानधनाची बोलणी तिथून सुरू करा. दर वेळी तो मिळणार नाही. पण कुठलं काम आपल्या विश्रांतीच्या पैशातून चाललं आहे हे निदान कळेल, आणि पुढच्या वेळी सोडायचं कोणतं ते ठरवता येईल.

आधीच कोसळला असाल तर

वरच्या पायऱ्या पाय टिकून असतानाच्या आहेत. ज्यांना टेबल पाहूनच पोटात गोळा येतो त्यांनी त्या आज सुरू करू नयेत.

आधी एक गोष्ट पाहा. दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर हा फक्त कामाचा शीण असेलच असं नाही. नैराश्य, थायरॉइड, रक्तातली लोहाची कमतरता यांचीही लक्षणं अशीच दिसू शकतात. डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर थांबू नका, आजच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीने वैद्यकीय मदत घ्या.

मग हातातल्या कामांचे तीन ढीग करा: परत करता येतील अशी, पुढे ढकलता येतील अशी, आणि टाळताच न येणारी. पहिल्या दोन ढिगांसाठीचे निरोप एकाच बैठकीत लिहून पाठवा, किंवा जवळच्या कुणाला तरी पाठवायला सांगा. तिसरा ढीग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

त्यानंतर किमान दोन आठवडे लेखन पूर्ण बंद. डायरीही नाही. पहिले चार-पाच दिवस बरं वाटणार नाही, उलट अंग मोडल्यासारखं होतं, चिडचिड होते, नुसती झोप येते. इतके दिवस उसन्या अवसानावर दाबून ठेवलेला शीण आता वर येतो. दिवसा चाला, रात्री वेळेवर झोपा, माणसांत बसा. वाचावंसं वाटलं तर वाचा, पण संपवण्याची सक्ती नको.

परत लिहायला लागताना हाताने, कागदावर, वीस मिनिटं. कुणालाही दाखवायचं नाही असं काहीतरी. गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली ठेवायचं. एक आठवडा तेवढंच. दुसऱ्या आठवड्यात तीस मिनिटं आणि तिसऱ्यात हवं तर एखादं छोटं, मुदत नसलेलं काम. वेळ वाढवायची की नाही हे झालेल्या शब्दांवरून ठरवू नका. सकाळी गजर लावण्याआधीच हात वहीकडे जातो आहे का, हे बघा. जात नसेल तर आणखी एक आठवडा वीस मिनिटांवरच राहा.